शिवी यायच्या आत खटका

माणूस शिवी देण्याआधी श्वास घेतो. भाषणाचा श्वास वेगळा, शिंकेचा वेगळा आणि शिवीचा वेगळा. शिवीचा श्वास नाकानं आत जातो, छातीत एक गिरकी घेतो आणि बाहेर येताना वरचा ओठ केसभर उचलतो. तेवढ्या वेळात ज्याला खटका दाबता येतो तो खरा साऊंडवाला. बाकीचे नुसते वायरी ओढणारे. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत असा साऊंडवाला एकच झाला, आणि तो मी. हे मीच सांगतोय, कारण दुसरं कुणी सांगेल याची वाट बघण्यात माझे निम्मे केस गेले.

मी दस्तगीर, उंब्रजचा. आमचा धंदा बाहेरच्याला फार सोपा वाटतो. माईकमधनं आवाज आत जातो, डब्यात मोठा होतो आणि करण्यातनं बाहेर पडतो. करणा म्हणजे तो धोतऱ्याच्या फुलासारखा पत्र्याचा भोंगा. पण आमच्या अब्बांनी मला वायर सोलायला शिकवण्याआधी एक गोष्ट शिकवली. माणसाच्या तोंडातनं निघालेली शिवी त्या माणसाची असते; करण्यातनं निघालेली शिवी करणेवाल्याची. बोलणारा गाडीत बसून निघून जातो. करणा झाडावर राहतो आणि झाडाखाली आपण. म्हणून अब्बांनी माईकच्या वायरीत एक पितळी खटका बसवला होता. शिवी येतेय असं दिसलं की दाबायचा, गेली की सोडायचा. ऐकणाऱ्याला वाटावं, वायर हलली.

या खटक्यावर मी काय काय केलंय! फलटणच्या बाजूला एकदा एका उमेदवाराची सभा होती. माणूस मनानं चांगला, पण प्रत्येक शब्दाच्या आधी एक आणि नंतर एक शिवी लागायची, जुवाला दोन्ही बाजूंनी बैल लागतो तशी. मी तासभर अंगठा वर-खाली करत बसलो. लोकांना ऐकू आलं ते एवढंच: "बंधूंनो... पाणी... कालवा... मी आहे... नमस्कार." सभा गार. "इतकं मोजकं बोलणारा पुढारी जन्मात बघितला न्हाई," म्हणत लोकांनी मतं टाकली. निवडून आल्यावर त्यानं मला बोलावून मिठी मारली आणि मिठीतच इतक्या मायेनं शिव्या दिल्या की माझा अंगठा आपोआप हलायला लागला.

प्रत्येक वेळी असं यश आलं असं नाही. बैलगाडा शर्यतीच्या माळावर एक समालोचक होता, तो बैलांना शिव्यांनीच पळवायचा. मी सवयीनं खटका दाबला. बैल निम्म्या धावपट्टीत थांबले आणि माना वळवून माझ्याकडं बघायला लागले. गाडीवान आसूड घेऊन माझ्याकडं धावला. तो काय म्हणत होता ते मी दाबलं असतं, पण त्याच्या हातात माईक नव्हता.

असे ते दिवस. शिवी ही तेव्हा घरातल्या बंदुकीसारखी होती. सगळ्यांना माहीत की ती आहे, पण रोज कुणी काढत नव्हतं.

मग बंदुकीची पिचकारी झाली. आमच्या उंब्रजच्या चहाच्या गाड्यावर कॉलेजची दोन पोरं भेटली आणि एकमेकांच्या आयाबहिणींचा उद्धार झाला नाही, तर समजावं त्यांचं बिनसलंय. माझ्या बायकोची मैत्रीण, पाच वेळा नमाज पढणारी, मोबाईलवरची मालिका बघता बघता हातातली भाजी निवडत मला म्हणाली, "भाईसाब, वो भ... वाला आज मर गया." मी ताडकन उठलो. बायको म्हणाली, "बसा. त्याचं मालिकेत नावच तसं हाय."

धंद्याला पहिला मोठा फटका महाबळेश्वरला बसला. एका हॉटेलात स्ट्रॉबेरीवाल्यांचा मेळावा होता आणि करमणुकीला शहरातनं एक हसवणारा पोरगा आणला होता. तो उभा राहिला, श्वास घेतला, ओठ उचलला. मी खटका दाबला. पुन्हा श्वास, पुन्हा खटका. अर्धा तास मंडळींनी त्याचे हातवारे बघितले. आवाजात ऐकू आलं ते सुरुवातीचं "नमस्कार महाबळेश्वर" आणि मधे एकदा "माझी आई." पोरगा घामाघूम होऊन माझ्याकडं आला. "काका, तुम्ही काय करताय?"

"शिव्या कापतोय."

"अहो काका," तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "तुम्ही कापलात तोच माझा कार्यक्रम होता!"

त्या दिवसापासून माझ्या खटक्याकडं लोक पाटावरवंट्याकडं बघावं तसं बघायला लागले. हौसेनं फोटो काढायचे, वापरायचं कुणी नाही. मधे शेतात मालिका काढणाऱ्या पोरांनी मला एक छोटी पेटी आणून दिली. तिचं बटण दाबलं की शिवीच्या जागी "टींव" वाजतं. मला बरं वाटलं. म्हटलं, खटक्याला पोरगा झाला. पण थोड्याच दिवसांत ते म्हणाले, "चाचा, टींव नको आता. लोक म्हणतात शिवी सोवळ्यात का ठेवता?" पेटी माझ्याकडंच राहिली.

अशात विकी आला.

विकी हा माझ्या आजोळच्या वाडीचा पोरगा. स्वतःचं चॅनेल, डोळ्यावर गॉगल, आणि बोलताना एक हात कायम हवेत, मोबाईल धरल्यासारखा, मोबाईल खिशात असला तरी. वाडीचं नाव सांगत नाही, मला तिथनं अजून जायचं-यायचं आहे. ओढ्याच्या अलीकडं ही वाडी, पलीकडं दुसरी. श्रावणातल्या एका मंगळवारी दोन्हीकडच्या बायका पदर खोचून दोन काठांवर उभ्या राहतात आणि एकमेकींना शिव्या देतात. याला बार म्हणतात. बार झाला नाही तर पाऊस रुसतो, जनावरांना रोग येतो आणि गावचा ट्रान्स्फॉर्मर जळतो अशी श्रद्धा आहे. ट्रान्स्फॉर्मरचं तर मी डोळ्यांनी बघितलंय.

पुरुषांनी लांब मागं थांबायचं आणि हलग्या आणि झांजांसारखे कैताळ वाजवायचे. ते इतके की एक शिवी ऐकू येत नाही. दिसतात ते फक्त हात. पण हात असे काही फिरतात की न ऐकताही माणूस लाजून टोपी डोळ्यावर ओढतो. आणि मनातनं फुगतो, की आपल्या वाडीच्या बायकांचं तोंड म्हणजे तोफखाना.

विकी म्हणाला, "दस्तूचाचा, औंदा हलगी बंद. दोन्ही काठांवर माईक आनि सगळं लाइव्ह. जगाला ऐकू जाऊ दे."

"आनि खटका?"

"खटका ठेवा घरी. आता शिव्याच तर चालत्यात! शहरातली पोरं पाठ करून शिव्या देत्यात, चाचा. आपल्याकडं तर खाण हाय खाण!"

आदल्या दिवशी मी करणे बांधले आणि आवाज लावायला हौसाक्काला बोलावलं. हौसाक्का म्हणजे अलीकडच्या वाडीची म्होरकी. सत्तरी ओलांडलेली बाई, पण बारात तिचा हात फिरला की पलीकडची कुत्रीसुद्धा खाली बसायची. आजोळच्या नात्यानं ती मला भाचा मानायची.

"आक्का, जरा एक शिवी हासडा. आवाज लावून घेतो."

आक्कानं माईककडं बघितलं. "हॅलो," म्हणाली.

"हॅलो न्हवं, शिवी."

"मुडद्या," ती पुटपुटली. माझ्याकडं बघून, म्हणजे तीही बहुतेक मलाच.

"एवढीच? खाण कुठाय?"

तिनं माझी बाही धरली आणि मला ओढ्याच्या कडेला नेलं. इकडंतिकडं बघितलं. "दस्तू, कुणाला सांगू नगंस. आमाला शिव्या येत न्हाईत रं."

मी दगडावर बसलो. हिमालयाला थंडी वाजते असं कुणी सांगितलं असतं तर मी उभा राहिलो असतो.

"मग एवढी वर्सं काय वरडता?"

"सुखदुक! हात तेवढं शिवीचं, त्वांड आमचं. आमच्या लेकी तिकडं दिल्याल्या, त्यांच्या हिकडं. घरात काय बोलावं तर भिंतीला कान. रानात बोलावं तर तिथं जाऊ बसल्याली. मग वरसातनं एक दिस हलगी सुरू झाली की गळा फाडून सांगायचं. ओठावरनं कळतं आमाला. गेल्या वरसी पलीकडच्या शेवंतानं मला गुडघ्याच्या आपरेशनचं सगळं टाकं हातवाऱ्यानिशी सांगितलं. ह्या बापयांना वाटलं, ती आमच्या खानदानाचं काढतीया."

"आक्का, औंदा हलगी न्हाई. माईक हाय."

"म्हनून तर तुला हिकडं आनलं!" ती म्हणाली. "राणीचं कसं करू?"

राणी तिची नात, पलीकडच्या वाडीत दिलेली. त्याच शेवंताची सून. पोरीनं पोलीस भरतीचा अर्ज भरला होता, माहेरच्या पत्त्यावर, चोरून. सासरा म्हणजे तात्या, फेट्याचा माणूस. त्याचं म्हणणं, आमची सून गरीब गाय हाय, तिचं पोलिसात काय काम? आणि तात्याच्या घरात एक नियम होता: घरातला फोन स्पीकरवरच लावायचा. लपवण्यासारखं काय हाय, असं तो म्हणायचा. त्यामुळं त्या घरात लपवण्यासारखं पुष्कळ साठलं होतं.

"सोमवारी सांगलीला तिचं पळायचं मैदान हाय," आक्का म्हणाली. "त्ये तिला कळाय पायजे. मी आजारी हाय असा निरोप येईल, तवा रडत बसू नगंस, निघून ये, बूट घिऊन मी सांगलीच्या स्टँडावर हाय, एवढं सांगायचंय. औंदा चुकलं तर वय निगून जातंय पोरीचं."

"नुसतं ओठ हलवा. आवाज काढू नका."

"आनि त्यो विकी गप बसंल? माईक नरड्यात घालंल माझ्या. आनि दस्तू, गळा उघडल्याबिगर मनातलं निघत न्हाई रं."

मी म्हटलं, "बघतो." आमच्या धंद्यातला माणूस 'बघतो' म्हणाला की समजावं, त्याला काही सुचलेलं नाही.

मंगळवारी उंब्रजपासून फलटणपर्यंतची झाडून सगळी रिकामी पोरं ओढ्यावर जमली. मोबाईल इतके वर धरलेले की ओढ्यातल्या माशांना संध्याकाळ झाली असं वाटलं असेल. ओढा दुथडी, त्याची घरघर. पुरुष रिवाजाप्रमाणं लांब. बायकांचं जे काही ऐकू यायचं ते फक्त माझ्या करण्यातनं. पलीकडं तात्या नवा फेटा बांधून पुढच्या रांगेत.

आक्का पुढं झाली. हात फिरवला. तोंड उघडलं. मी खिशातनं आणलेला खटका जोडलाच होता, तो दाबला.

शांतता. मग दोन्ही काठांवरनं एकच ओरडा: "आवाज! आवाज!"

विकी धावत आला. "चाचा, काय झालं?"

"वायर हलली."

"मग परत हलवा की! लाइव्ह चाललंय!" आणि त्यानं स्वतःच माझा खटका उपटून चिखलात टाकला.

आता काय? आक्का तर सुरू झालेली. गळा उघडलेला, थांबणं तिच्या हातात नव्हतं. माझा हात पेटाऱ्यात गेला आणि त्या "टींव" वाल्या पेटीवर पडला. तीच मी घाईनं वायरीत जोडली.

माझ्या हेडफोनमध्ये आक्का दोन्ही हात कमरेपासून आभाळापर्यंत फेकत म्हणत होती: "राणेऽ, सोमवारी सांगलीला तुझं पळायचं हाय! तुझ्या सासऱ्याला कळू देऊ नगंस! मी मरायला टेकल्याचा निरोप धाडीन, तू बिनघोर ये! बूट मी आनते, पायमोजं तू आन!"

करण्यातनं जगाला गेलं ते असं: "टींव... सोमवारी... टींव... तुझ्या सासऱ्याला... टींव... मरायला... टींव... बूट... टींव... टींव!"

 गर्दीतनं कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "सोमवारी? श्रावणात?" आणि जो काही गदारोळ उठला! एका म्हाताऱ्यानं कानांवर हात ठेवले, मग ऐकू येईना म्हणून काढले. विकीचा गॉगल घामानं धुरकटला.

"चाचा, टींव कशाला? शिव्या चालत्यात म्हटलं ना!"

"चालत्यात त्या येगळ्या, विकी. ह्या मी कापतोय म्हनून तू उभा हायस."

तो एक पाऊल मागं सरकला.

पलीकडं राणी उभी राहिली. लुकडी पोर, पण हात आज्जीचे. ती ओरडत होती: "आज्जे, मी रोज पहाटं पळतीया! शेन गोळा करायला जाते म्हनते आनि माळाला चकरा मारते! सासूबाईंना ठावं हाय, त्याच दार उघडून देत्यात!"

करण्यातनं: "टींव... रोज पहाटं... टींव... शेन... टींव... सासूबाई... टींव... दार उघडून... टींव!"

माझं वय झालंय, पुष्कळ ऐकलंय, पण खरं सांगतो, एवढं घाण मीही कधी ऐकलं नव्हतं. आणि मला तर माहीत होतं ती काय बोलतेय!

सगळ्या गर्दीचे डोळे आता तात्याकडं. मला वाटलं, हा माणूस इथंच सुनेला काहीतरी करतो. पण बारात ज्याचं नाव निघतं त्याचा मान मोठा. तात्या उठला, फेट्याचा शेमला सारखा केला आणि शेजाऱ्याला इतक्या मोठ्यानं म्हणाला की तेही माझ्या माईकनं उचललं: "माझ्याच घराचं निगालं! आनि आमचीच सून पडली तिला भारी!" ते मी कापलं नाही. आयुष्यभर घाण झाकून चांगलं बाहेर सोडलं, त्या दिवशी चांगलं झाकत होतो. एवढी एक ओळ तरी सरळ जाऊ दे म्हटलं.

पुढं काय झालं ते तुमच्यापैकी पुष्कळांनी मोबाईलवर बघितलं असेल. न बघितल्याचं नाटक करू नका. चहाच्या गाड्यावर पोरं पैजा लावून टींवखालची शिवी ओळखायची आणि एकालाही जमायचं नाही. चार अब्रूदार माणसांनी एकत्र येऊन तो व्हिडिओ नीट निषेध करता यावा म्हणून पुन्हा पुन्हा बघितला. मालिकावाल्या पोरांनी हौसाक्काचं दार गाठलं. "आज्जी, आमच्या पात्रांसाठी चार शिव्या शिकवा." आक्कानं त्यांना चहा पाजला आणि बराच विचार करून "मुडद्या" ही शिवी शिकवली. ते एकमेकांकडं बघत गेले. वाटेत एक म्हणाला म्हणे, "म्हातारी हुशार आहे. खरा माल दाखवत नाही."

सोमवारी आक्का ठरल्याप्रमाणं मरायला टेकली आणि सांगलीच्या स्टँडावर बूट घेऊन ठणठणीत उभी राहिली. पुढं लेखी परीक्षेला ती पुन्हा टेकली, मेडिकलला तिसऱ्यांदा. दोन्ही वाड्यांत बायका हळहळल्या, काय चिवट जीव हाय बाईचा. राणीची निवड झाली.

आता तात्याला सांगायचं कुणी? शेवंतानं भाकरी वाढता वाढता सांगून टाकलं आणि चुलीमागं सरकून बसली. मला हे तिनंच सांगितलं. तात्यानं हातातला घास परत ताटात ठेवला. त्या व्हिडिओनंतर तो सांगलीच्या बाजारात गेला तरी लोक विचारायचे, ती तुमचीच सून काय? मग तो म्हणाला, "गरीब गाय म्हनून घरात आनली हुती. पर असलं त्वांड असल्याली बाई घरात ठिवनं धोक्याचं हाय, शेवंता. सरकारच्या ताब्यात दिल्याली बरी. त्यांच्याकडं माणसं हायत सांभाळाय."

राणीला ट्रेनिंगला सोडून परत येताना तो उंब्रजला उतरला आणि थेट माझ्या दुकानात आला. खुर्चीवर बसला. चहा झाला. ऊस झाला. पाऊस झाला. मग खुर्ची पुढं ओढून, दाराकडं बघत, हळू आवाजात म्हणाला, "दस्तूभाई, एक इचारू? त्या दिसाचं. टींवच्या खाली... म्हंजे माझं नाव घिऊन... नेमकं काय हुतं?"

त्याचे डोळे असे चमकत होते, जत्रेत पाळण्याला हात लावून उभ्या राहिलेल्या पोराचे असावेत तसे.

मी मान खाली घातली. "तात्या, आवं माझ्या तोंडानं कसं सांगू?"

"एवढं वाईट?"

"लय."

 तात्या समाधानानं उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि फेटा सारखा करत एसटी पकडायला गेला.